कोब्यावरचे ठिपके

जागा बदलायची म्हणजे आधी यादी करायची, ही माझी पद्धत. आमचं वर्कशॉप जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेडमधून हायवेवरच्या नव्या जागेत हलवायचं ठरलं, तेव्हा शेठ म्हणाले, "ताई, न्यायचं काय आणि टाकायचं काय, तुम्हीच ठरवा." मी इथलं स्पेअर पार्टचं स्टोअर गेली बावीस वर्षं सांभाळते. वही घेतली, दोन रकाने आखले आणि शेडच्या दारापासून सुरुवात केली. लिफ्ट, न्यायची. कॉम्प्रेसर, न्यायचा. फुटका कूलर, टाकायचा. एकसष्ट नंबरपर्यंत काम भराभर झालं. बासष्टला पेन थांबलं.

शेडच्या मधल्या गाळ्यात सिमेंटच्या कोब्यावर ऑइलपेंटने काढलेले ठिपके आहेत. पुढे पांढरे, मागे पिवळे आणि हिरवे, आणि अगदी शेवटी दोन लाल. नवीन माणूस शेडमध्ये आला की हमखास विचारतो, "ही रांगोळी कुणी काढली?" रांगोळी नाही ती. ते पुंडलिकनानांचे ठिपके. कोबा उचलून नेता येत नाही, आणि शेडचा मालक सोमवारी तो फोडणार होता, कारण त्याला तिथे गोदाम करायचं होतं. ठिपक्यांची मापं कुठेही लिहिलेली नव्हती. हातरुमालांचीसुद्धा यादी ठेवणारी मी, माझ्याकडेही नव्हती.

असं का, ते कळायला नाना कळायला हवेत.

नाना मूळचे धुळ्याचे, बोलणं अहिराणी; 'शे' म्हणजे 'आहे', 'मनी' म्हणजे 'माझी'. वडील गवंडी. नानांनी वडिलांचा एकच वारसा घेतला, तो म्हणजे पितळी ओळंबा. दोरीच्या टोकाला टोकदार वजन असतं आणि ते सोडलं की सरळ खाली उभं राहतं, तोच. वडील त्याने भिंती सरळ आहेत का बघायचे, नाना गाड्या बघायचे. आमच्याकडे अपघाताच्या गाड्या येतात. चेपलेला पत्रा सगळ्यांनाच दिसतो, तो ठोकून रंगवला की गाडी नवी दिसते. पण गाडीचा तळ दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच जरी वाकडा राहिला, तरी ती नवी दिसणारी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरपी पळते. तो तळ सरळ करणं हे नानांचं काम.

मी नोकरीला लागले त्या दिवशी मला नाना दिसले ते फक्त पावलांपुरते. गाडीखालून दोन पावलं बाहेर आली होती. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला.

"नाना म्हणजे तुम्हीच ना? त्या लाल गाडीचा कोणता पार्ट हवाय, ते विचारायला आले," मी म्हणाले.

"कोनती लाल?"

"तुम्ही जिच्याखाली आहात ती."

"ही लाल शे का? माले काय मालूम, ताई. मी खालतून देखेल शे."

पेंटर सलीमभाई शेजारी हसून हसून खोकायला लागले. "अरे नाना, मैं आठ दिन से उसको लाल कर रहा हूँ!" नानांना गाडीचा रंग, नंबर, मालक काहीही लक्षात राहत नसे. तळाशी कुठे जुना वेल्ड आहे, कुठला बोल्ट बदललेला आहे, हे मात्र दहा वर्षांनीही सांगत. रस्त्यात एखादा ग्राहक नमस्कार करायचा आणि नाना गोंधळून बघत राहायचे. तो म्हणाला, "माझ्या गाडीचा मागचा आडवा पत्रा फाटला होता," की लगेच ओळख. "हा हा! डाव्या अंगले वेल्ड मारेल शे ती! कशी शे ती?" तो माणूस कसा आहे हे विचारायचं राहूनच जायचं.

गाडी कुठलीही असो, बसण्यापूर्वी वाकून खालून बघायचं, ही त्यांची दुसरी सवय. रिक्षा असो, एस.टी. असो, स्वतःच्या मुलाची लग्नाची फुलं लावलेली गाडी असो. त्या गाडीत नवरानवरी बसलेले, मागे बँड वाजतोय आणि वरबाप जरीच्या फेट्यासकट चाकामागे वाकलेले. सूनबाईंनी सासऱ्यांचं पहिलं दर्शन त्या अवस्थेत घेतलं. पुढे त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं, मामंजींचं काहीतरी हरवलं."

आता ठिपक्यांचं. एका कंपनीच्या तीन मोठ्या गाड्या तेव्हा खानदेशात फार चालायच्या. एक लांब, सात माणसांची. एक जराशी आखूड, पाच माणसांची. आणि एक महागाची, तेवढीच आखूड, पण आत चामड्याच्या गाद्या आणि बाहेर चकचकीत पट्ट्या. आमच्या शेडमध्ये त्यांची नावं थोरली, धाकटी आणि नटवी. वरून बघाल तर तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नाना मात्र पहिल्या महिन्यातच म्हणाले, "या तिन्ही सख्ख्या बहिनी शेत."

ते त्यांना कसं कळलं, तर ओळंब्याने. गाडीच्या तळाला कंपनीने पाडलेली ठरावीक भोकं असतात. गाडी सपाट कोब्यावर उभी करायची, एकेका भोकातून ओळंबा सोडायचा, टोक जिथे टेकेल तिथे खडूने खूण करायची. मग गाडी ढकलून बाजूला काढायची. खाली राहतात नुसते ठिपके. त्यांच्यातलं आडवं, उभं, तिरपं अंतर दोऱ्याने मोजायचं. डावा तिरपा दोरा उजव्या तिरप्याएवढा भरला तर तळ सरळ, नाही तर वाकडा. नानांच्या ध्यानात आलं की धाकटीच्या ठिपक्यांवर नटवी उभी केली तर ओळंबा त्याच ठिपक्यांवर पडतो. थोरलीचेही पुढचे सगळे ठिपके तेच, फक्त मागचे लांब. मग त्यांनी खडू टाकला आणि पेंट घेतला. तिघींचे सामाईक ठिपके पांढरे, आखूड दोघींचे मागचे पिवळे, थोरलीचे मागचे हिरवे. आता गाडी त्यावर उभी केली की कुठे वाकली आहे ते पाच मिनिटांत समजायचं.

काही महिन्यांनी कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आम्हाला शिकवायला आला. लॅपटॉप, पडद्यावर चित्रं. तो म्हणाला, "आज तुम्हाला एक नवी गोष्ट सांगतो. या तीनही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या आहेत. म्हणजे खालचा सांगाडा, चाकं जोडायच्या जागा, इंजिनाची बैठक, सगळं सामाईक. वरची बॉडी फक्त वेगळी."

मागून सलीमभाई म्हणाले, "साहेब, ये तो हमारे फर्श पे लिखेला है."

इंजिनिअर बघायला आला. उकिडवा बसला आणि स्वतःच्या टेपने दोन-तीन अंतरं मोजली, लॅपटॉपमध्ये बघितली. मग त्याने नानांकडे बघून नुसती मान हलवली, आणि पुढचा तास तो शिकवत नव्हता, विचारत होता. जाताना म्हणाला, "तुम्ही याला प्लॅटफॉर्म म्हणत नाही, मग काय म्हणता?"

"जोतं," नाना म्हणाले. "मना बाप घर बांधे, तधळ पहिले जोतं. जोतं एक, घरं तीन. तुमनी कंपनीनी बी तेच करं ना?"

हे 'जोतं एक, घरं तीन' त्यांना इतकं आवडलं की ते ग्राहकांनाही सांगत सुटले. एकदा सराफ बाजारातले एक गृहस्थ नटवी घेऊन आले. आदल्या महिन्यातच घेतलेली, दाराला ओरखडा. शेजारच्या गाळ्यात रावेरकडच्या एका केळीवाल्यांची धाकटी उभी होती, टपावर केळीची सुकलेली पानं. नाना सराफांना कौतुकाने म्हणाले, "शेठ, तुमनी गाडी आन् ही गाडी, खालतून बठ्ठं एकच शे!"

सराफांचा चेहरा पडला. "काय बोलता? ही कुठे, ती कुठे!"

"खरं सांगस. या, खाले या, दखाडस."

सराफ खाली काही गेले नाहीत. त्यांनी शेठना फोन केला. शेठनी नानांना बोलावून सांगितलं, की ग्राहकाला त्याच्या गाडीविषयी असं काही सांगायचं नाही. नाना खरोखर चकित झाले. "मी तं चांगलंच सांगं ना शेठ. दोन्हीस्नं जोतं मजबूत शे. त्यामा वाईट काय?" त्यांच्या मते ती त्या गाडीची स्तुती होती. वरच्या चामड्याची स्तुती कुणीही करेल.

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचे, "नाना, ही मापं मला सांगा, मी लिहून ठेवते. तक्ता करते, भिंतीला लावते." ते दर वेळी मान हलवत.

"कागदवर आकडा लिखा ना ताई, की मानूस गाडी मोजत नही. कागद वाचस."

"आणि तुम्ही रजेवर गेलात तर?"

"ठिपका शेत ना. ठिपकावर गाडी उभी करनीच पडस."

मी मनातल्या मनात त्यांना हट्टी म्हणायचे आणि आपल्या वहीकडे वळायचे.

त्या वहीत एक रकाना मी स्वतःच वाढवला होता. गाडी ताब्यात देताना मी विचारायचे, "आता लगेच लांब कुठे जायचंय का?" आणि लिहून ठेवायचे. कुणी लांब जाणार असेल तर ब्रेक आणि टायर पुन्हा एकदा बघून घेता येतात. बाकी काही हेतू नव्हता. सलीमभाई त्याला "ताईची चौकशी" म्हणायचे.

रावेरचे आबा, म्हणजे ज्यांच्या धाकटीच्या टपावर केळीची पानं होती तेच, त्यांनी पुढे घर मोठं झालं म्हणून थोरली घेतली. अगदी नवी निघालेली, चारही चाकांना ताकद मिळणारी. ट्रॅक्टरची ट्रॉली मागून डावीकडे आदळली. गाडी आमच्याकडे आली, नानांनी तळ ओढून सरळ केला, मागच्या डाव्या भोकातून ओळंबा हिरव्या ठिपक्यावर मधोमध पाडला. रंग झाला. आबा बुधवारी गाडी घेऊन गेले. मी विचारलं, "लांब कुठे?" ते म्हणाले, "शुक्रवारी जानार ना. नातीचा साखरपुडा हाय. चाळीसगाववरून घाट चढून संभाजीनगरले. बठ्ठं घर चाललं!"

शुक्रवारी सकाळी तसलीच दुसरी नवी थोरली आमच्याकडे पुढची काच बदलायला आली. तळाशी तिचा काही संबंध नव्हता. पण नाना तिच्याखाली शिरले आणि सवयीने ओळंबा सोडला. मी स्टोअरच्या खिडकीतून बघत होते. नाना बाहेर आले, दुसऱ्या बाजूने शिरले, पुन्हा बाहेर आले. मग तिथेच कोब्यावर बसून राहिले.

मी गेले. "काय झालं?"

त्यांनी बोट दाखवलं. ओळंब्याचं टोक हिरव्या ठिपक्याच्या मागे पडलं होतं. तीन सूत. दोन्ही बाजूंना तेवढंच.

या गाडीला कधी काही लागलेलं नव्हतं. म्हणजे तिचा तळ बरोबर होता. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीसाठी कंपनीने त्याच जोत्यावर मागची जागा तीन सूत मागे सरकवली होती. आणि आबांच्या गाडीची डावी बाजू नानांनी हिरव्या ठिपक्यापर्यंत पुढे ओढून आणली होती. बरोबर जागेवरून चुकीच्या जागेवर. उजवी बाजू लागलेली नव्हती, म्हणून तिकडे त्यांनी ओळंबा सोडलाच नव्हता. चाकांची जुळणी तपासणाऱ्या मशीनने हिरवा दिवा दिला होता, कारण ते चालवणाऱ्या आमच्या पोराने बोल्ट शेवटच्या टोकापर्यंत फिरवून चाक कसंबसं सरळ केलं होतं. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर ते चाललं असतं. पण सात माणसं, सामान आणि घाटातली वळणं...

"ताई," नाना म्हणाले, "आबा कोठे जाई राह्यनात?"

मी वही उघडली. साखरपुडा, चाळीसगाव, घाट. आज.

आबांचा फोन लागेना. दुसरा नंबर नातीचा होता, तिने उचलला. भडगाव मागे टाकलं होतं त्यांनी. शेठ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, सांगा की एक फुकट चेकिंग राहिलंय. चूकबिक बोलू नका. नाव खराब होईल." शेठ वाईट माणूस नाही. त्यांनी स्वतः उभं केलेलं वर्कशॉप आहे, आणि रावेर पट्ट्यातली निम्मी कामं आबांच्या शब्दावर येतात.

नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पोरी, आबास्ले सांग, चाळीसगावले थांबा. हळू जा. घाटवर गाडी चढाडू नका. चूक व्हयेल शे. मनी. मी ई राह्यनू."

आम्ही वर्कशॉपची व्हॅन काढली. सलीमभाई गाडीवर, नाना, आणि मी. मला शेठनी पाठवलं ते नाना जास्त बोलू नयेत म्हणून. एवढ्या घाईतही नाना बसण्यापूर्वी वाकले आणि व्हॅनखाली बघून मगच चढले.

चाळीसगावच्या अलीकडे एका हॉटेलाच्या लिंबाखाली अख्खं कुटुंब उभं होतं. नवी लुगडी, पेढ्यांचे खोके, नटलेली नात. आबा तापलेले. "काहून हो नाना? गाडी तं झ्याक चालू रायली!"

नाना त्यांच्यासमोर उभे राहिले. मी शेठचं ऐकून काहीतरी गुळमुळीत सुरू करणार, तोवर त्यांनी सगळं सांगितलं. भोक, ठिपका, तीन सूत. "दुसरी बाजू मी मोजीच नही. माले वाटनं, माले माहीत शे. चूक मनी शे, आबा. कंपनीनी नही, पोरनी नही. मनी."

"मंग आमी साखरपुड्याले काय चालत जावं?"

"या व्हॅनमा जा. सलीमभाई लयी जाई. खालतून देखेल शे मी."

कुणीतरी हसलं, त्याने जरा सैल झालं. आबांनी डिकी उघडली. खोके इकडून तिकडे गेले. आबांच्या आई, सगळे त्यांना अक्का म्हणत, त्या व्हॅनमध्ये चढता चढता थांबल्या. नानांना म्हणाल्या, "तू सांगतला नसता तं आमाले काय समजनार होतं रे?"

"तुमले नही समजस, अक्का," नाना म्हणाले. "गाडीले समजस."

व्हॅन गेली. आम्ही दोघं त्या थोरलीजवळ क्रेनच्या गाडीची वाट बघत लिंबाखाली बसलो. हॉटेलवाल्याने शेवभाजी आणून ठेवली. नानांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "तुले मी कागद लिखू दिधा नही. सांगे, मानूस कागद वाचस, गाडी मोजत नही. मी काय करं? मी ठिपका वाचा. ठिपका बी कागदच व्हयना ना, ताई."

तेवीस वर्षांच्या कामात एक चूक, हे मला सांगता आलं असतं, पण ते त्यांना ऐकायचं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "भाजी गार होतेय." मग ते जेवले.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा ओढली, या वेळी दोन्ही बाजू मोजून. काम झाल्यावर नानांनी लाल पेंट मागितला आणि हिरव्या ठिपक्यांच्या मागे तीन सुतांवर दोन लाल ठिपके काढले. त्यानंतर प्रत्येक नव्या माणसाला ते मधल्या गाळ्यात नेऊन आधी ते लाल ठिपके दाखवत. "पांढरा कंपनीना, पिवळा-हिरवा बी कंपनीना. हाऊ लाल मना शे. मी चुकनू, त्याना." बाकीच्यांच्या चुका पेंटखाली जातात. नानांनी आपली चूक पेंटने काढून ठेवली. आबांची कामं थांबली नाहीत, उलट रावेरहून येणारा जो तो विचारायचा, "त्या सांगनाऱ्या नानांकडे द्या." शेठनी तो विषय पुन्हा काढला नाही.

नाना निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात मुलाकडे गेले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. एका डोळ्याने दिसेना, दुसऱ्याने अंधूक. आणि आता कोबा फुटणार होता.

नव्या जागेत तळ मोजायचं कॉम्प्युटरचं मशीन येणार होतं. मी त्याची गाड्यांची यादी तपासली. धाकटी होती, नटवी होती. थोरली नव्हती. कंपनीने ती बनवणं बंद केलं होतं, तिची मापं त्या यादीतून गेली होती. पण रावेर, यावल, चोपडा, शहादा, कुठेही जा, थोरल्या अजून धावताहेत, आणि त्या कधी ना कधी आदळून आमच्याकडेच येणार आहेत.

मी फोन केला. नाना म्हणाले, "नको ताई. आते मनी नजर गयी. एक दाव चुकनू, तधळ नजर व्हती. आते चुकनू तं कोन धरी?" फोन ठेवून दिला. शनिवारी सकाळची बस धरून मी धुळ्याला गेले.

ते ओट्यावर बसले होते. मी सगळं नीट, क्रमाने सांगितलं. मशीनची यादी, सोमवारचा कोबा, थोरल्या. ते ऐकत होते आणि बोटांनी लुंगीची कड मोजत होते. शेवटी विचारलं, "आबास्नी गाडी शे का आजून?"

"आहे. परवाच तेल बदलून गेली."

"मंग तिले बलाव. नवा ठिपकास्वर पहिली तीच उभी करनी. ती पडनी बराबर, तं ठिपका खरा. नही पडनी, तं बठ्ठं पुशी टाक."

रविवारी जुन्या शेडमध्ये नानांना स्टुलावर बसवलं. त्यांनी स्वतः एकही अंतर मोजलं नाही. दोन माणसं मोजायची, दोऱ्याला खूण करायची. मग दुसरी दोन माणसं, पहिल्यांची खूण न बघता, वेगळ्या दोऱ्याने तेच अंतर मोजायची. दोन्ही दोरे नानांच्या हातात. ते बोटांनी जुळवून बघायचे. जुळले की गाठ. नाही जुळले की पुन्हा. सलीमभाई कुरकुरले, "नाना, एक सूत का आधा भी नहीं है फरक!" नाना म्हणाले, "तीन सूत बी कधळ तरी आर्धाच व्हता." दुपारपर्यंत दोऱ्याचं भेंडोळं गाठींनी भरलं.

मग त्यांनी स्वतःहून म्हटलं, "लिख आते."

मी वही उघडली. इतकी वर्षं थांबले होते.

"पन पहिली ओळ मी सांगस ती लिख. आधी गाडी मोजा, दोन्ही अंगले. मंग हाऊ कागद वाचा."

मी लिहिली. तो तक्ता आता नव्या जागेच्या भिंतीवर आहे, आणि ती ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

त्याच दिवशी चार वाजता नव्या जागेच्या कोऱ्या कोब्यावर ठिपके उतरवून झाले आणि आबा थोरली घेऊन आले. अक्का पुढच्या सीटवर होत्या, उतरल्या नाहीत. "माझ्यासगट मोजा," म्हणाल्या. त्यांना कसंबसं खुर्चीवर बसवलं. गाडी ठिपक्यांवर आली. ओळंबा नानांचाच, पितळी. तो भोकात अडकवायला खाली कोण जाणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते, तोवर आबाच पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली सरकले.

नाना भिंतीला टेकून उभे. त्यांना ठिपका दिसणार नव्हता, गाडीही धड दिसत नव्हती.

"कोठे पडना?" त्यांनी विचारलं.

"लालवर, नाना," खालून आबांचा आवाज आला. "मधोमध."

"तुम्ही नका सांगू. तुमनी गाडी शे. ताई, तू देख."

मी खाली वाकून बघितलं. टोक लाल ठिपक्याच्या बरोबर मध्यावर, जरासं थरथरत. "मधोमध, नाना."

"दुसरं अंग."

आबा पलीकडून सरकले. ओळंबा डुलला, थांबला. "इकडं बी लालवर."

"ताई?"

"हो नाना. दोन्ही बाजूंना."

त्यांनी मान खाली घातली. दोऱ्याचं भेंडोळं हातातच होतं, ते त्यांनी अंगठ्याभोवती नीट गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ओळंबा आबांच्या हातातून घेतला, पुसला आणि तोही मला दिला. "हाऊ 'न्यायचा' त्या रकानामा लिख," म्हणाले. मी यादीत बासष्ट नंबरला तो लिहिला.

आबांना रावेरला परतायचं होतं, म्हणून नानांना स्टँडवर सोडायला मी गेले. धुळ्याची बस लागलेली होती, भरत आली होती. मी त्यांची पिशवी घेऊन चढणार, तर नाना मागेच. बघते तर ते चाकाजवळ, एक हात बसच्या पत्र्यावर टेकवून, दुखरा गुडघा सांभाळत हळूहळू वाकत होते. दिसणार काहीच नव्हतं त्यांना. तरी मान आत घालून दोन्ही बाजूंना फिरवली.

वरून कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, काय पडलं खाली?"

"काही नही पडनं रे भो," नाना वाकलेलेच म्हणाले. "तेच देखी राह्यनू."